मशीद बंदरची मशीद कुणाची?

मुंबईत लोकलने ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने ‘मशीद’ हे स्टेशन पाहिलेले असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुटले की पहिले तेच. मोहम्मद अली रोडला जायचे, मांडवीच्या बाजारात सुका मेवा घ्यायचा, तर आपण तिथेच उतरतो. आजूबाजूला इतक्या मशिदी आहेत की या स्टेशनला हे नाव का पडले, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. आम्हालाही तो कधी पडला नव्हता. पण जुन्या मुंबईविषयी लिहिणारे बरेच जण सांगतात की हे नाव ज्या ‘मशिदी’वरून पडले ती मुसलमानांची नव्हे, यहुद्यांची आहे. सॅम्युएल स्ट्रीटवर ‘शाअर हारहमीम’ नावाचे सिनेगॉग आहे. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल यहुद्यांचे मुंबईतले ते सर्वांत जुने प्रार्थनास्थळ. हे लोक घरात मराठी बोलत आणि सिनेगॉगला सरळ ‘मशीद’ म्हणत. त्यातली ही ‘जुनी मशीद’.

‘शाअर हारहमीम’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’. त्यातला ‘रहमीम’ आणि आपण प्रत्येक कामाच्या आरंभी घेतो ते ‘रहमान’ आणि ‘रहीम’, हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत.

ही वास्तू कशी उभी राहिली त्याची एक कथा बेने इस्राएल कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सॅम्युएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. कैद्यांना त्यांची जात विचारण्यात आली तेव्हा दिवेकरांनी आपण ‘बेने इस्राएल’ असल्याचे सांगितले. ते नाव टिपूच्या आईच्या कानावर गेले. कुरआनात ज्यांचा उल्लेख वारंवार येतो ते बनी इस्राईल आपल्या कैदेत आहेत हे ऐकून तिने त्यांना जीवदान देण्यासाठी मुलाकडे रदबदली केली. दिवेकर सुटून मुंबईस आले आणि कैदेत केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी १७९६ मध्ये हे सिनेगॉग बांधले. पुढे ते हल्लीच्या जागी आले. कथेतला प्रत्येक तपशील कागदपत्रांनी सिद्ध होईलच असे नाही. पण एका यहुदी समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या जन्मकथेत कुरआन वाचणाऱ्या एका मुसलमान आईला मानाची जागा दिली आणि दोनशे वर्षे ती जपली, हे खरेच आहे.

या महिन्यात हा विषय घेताना आम्ही थोडे थबकलो, हे कबूल करतो. आज आपल्या घरात ‘यहुदी’ हा शब्द निघाला की डोळ्यांपुढे गाझा येते. ढिगाऱ्याखालून काढलेली लेकरे येतात, पांढऱ्या कफनात गुंडाळलेली छोटी छोटी शरीरे येतात. ते दुःख खरे आहे, आणि त्यावर कुणी पांघरूण घालू नये. मग अशा वेळी यहुद्यांच्या कलेविषयी आणि परंपरेविषयी कशाला लिहायचे? आमचे उत्तर असे की अशाच वेळी लिहायला हवे. घरातली मुले बातम्या पाहून एका अख्ख्या कौमेबद्दल मत बनवू लागली, तर उद्या दुसऱ्या घरातल्या मुलांनी आपल्याबद्दल तसेच मत बनवले तेव्हा आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

आधी थोडी ओळख करून घेऊ. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, असे बेने इस्राएल मानतात. नवगावला त्यांचे जुने कब्रस्तान आहे. हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर अशी त्यांची आडनावे. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. तरी त्यांनी चार-पाच गोष्टी सोडल्या नाहीत. शनिवार पाळला, मुलाची आठव्या दिवशी सुंता केली, ठरावीक मासे वर्ज्य ठेवले आणि देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना तोंडपाठ ठेवली. ग्रंथ हाताशी नसताना एका समाजाने सवयींच्या आधारावर धर्म टिकवला.

कोकणातल्या मुसलमान घरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. त्यांच्याकडे मलिदा करतात. आपल्याकडचा मलिदा चपाती, गूळ आणि तुपाचा. त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात ओले खोबरे, साखर आणि फळे. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, घरात चांगले काही घडले की ते एलियाहू हानाबी यांच्या नावाने मलिदा मांडतात. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इल्यास (अलै.), ज्यांचे नाव कुरआनात आले आहे. अलिबागजवळच्या खंडाळा गावात एक खडक आहे. एलियाहूंचा रथ तिथे टेकून आकाशात गेला आणि त्याची खूण खडकावर उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. आपला अकीदा वेगळा आहे आणि नवसाविषयी आपल्या उलेमांची मतेही वेगळी आहेत. पण शेजारी कोणत्या नबींचे नाव घेऊन ताट मांडतो एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

आता मूळ विषयाकडे येतो. जो समाज संख्येने इतका थोडा आहे की गावात दहा पुरुष जमले नाहीत तर सामुदायिक प्रार्थनाही पुरी होत नाही, तो आपली ओळख पुढच्या पिढीला कशी देतो? बेने इस्राएलांनी याचे एक उत्तर फार पूर्वी शोधले. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही जणांनी हिंदू कीर्तन ऐकले. निरूपण, गाणे, गोष्ट आणि उपदेश एकत्र गुंफण्याची ती रीत त्यांना इतकी आवडली की त्यांनी आपल्या नबींच्या कथा मराठी कीर्तनात बांधल्या. अब्राहम, योसेफ, मोशे, म्हणजे आपले हजरत इब्राहीम, हजरत यूसुफ आणि हजरत मूसा (अलै.) यांची चरित्रे ओवी, साकी, दिंडीत गायली जाऊ लागली. हिब्रू न येणाऱ्या आयाबायांना तौरातमधल्या गोष्टी समजल्या त्या अशा. आरंभी कीर्तनकार पुरुष होते. पुढे ही परंपरा बायकांनी हाती घेतली. इस्राएलमध्ये गेलेल्या आजींनी ती तिकडेही गायली. हल्ली संगीताचे अभ्यासक त्यावर संशोधन करतात.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. एके काळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज आज भारतात पाच हजारांच्याही आत आला आहे. तिकडे जाऊन त्यांना काय मिळाले? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशावळ तपासायचा आदेश काढला. हे काळेसावळे, मराठी बोलणारे लोक खरे यहुदी आहेत की नाहीत, ही शंका त्यामागे होती. दोन हजार वर्षे ज्यांनी शनिवार मोडला नाही त्यांना कागद दाखवा म्हणून सांगण्यात आले. त्यांनी धरणी धरली, मोर्चे काढले. शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले. आपण कोण आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करायला लावले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर सियोना बेंजामिन या चित्रकर्तीचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९६० चा, मुंबईतला. घर बेने इस्राएल, शाळा कॅथलिकांची आणि पारशांची, शेजारी हिंदू आणि मुसलमान. जे. जे. कला महाविद्यालयात शिकून १९८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोक विचारीत, तुम्ही भारतीय आहात तर यहुदी कशा? यहुदी म्हटले की गोरा, युरोपातून आलेला माणूस, एवढेच तिकडच्यांना ठाऊक होते. या प्रश्नाला त्यांनी चित्रांतून उत्तर दिले. ‘फाइंडिंग होम’, म्हणजे घराचा शोध, या नावाची दीर्घ चित्रमालिका त्यांनी काढली. चित्रांची धाटणी मुघल दरबारातल्या लघुचित्रांची. बारीक रेघ, भोवती नक्षीची चौकट, सोन्याचा वर्ख. विषय मात्र तौरातमधले. आणि त्यांतल्या बायकांची कातडी निळी. निळाच रंग का, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. आभाळ निळे आहे, समुद्र निळा आहे, आणि तो रंग कुठल्याच एका देशाचा नाही. जी बाई सगळीकडची आहे आणि तरी कुठेच पुरती मावत नाही, तिचा तो रंग.

या मालिकेतल्या एका भागाला त्यांनी नाव दिले आहे ‘फरिश्ते’. एका यहुदी बाईने आपल्या धर्मग्रंथातल्या स्त्रियांवर चित्रे काढली आणि त्यांना नाव दिले ते आपल्या घरोघरी बोलल्या जाणाऱ्या शब्दाचे. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सहज सुचले असावे.

त्यांचे एक चित्र आहे ‘बिलव्हेड’, म्हणजे ‘प्रिय’. त्यात दोन स्त्रिया एकमेकींना मिठी मारून आहेत. एक बीबी सारा, दुसरी बीबी हाजरा. इथे आम्हाला क्षणभर थांबावेसे वाटते. हाजरा म्हणजे आपल्यासाठी कोण? तान्ह्या इस्माईलला (अलै.) घेऊन ओसाड वाळवंटात राहिलेली आई. पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावलेली आई. आज जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हाजी, राजा असो की रिक्षावाला, तिच्याच पावलांवरून चालतात आणि झमझमचे पाणी घरी आणून पाहुण्यांना घोटभर देतात. यहुदी परंपरेत मात्र कथेचा मध्य सारा आणि त्यांचा मुलगा इसहाक (अलै.) यांच्याकडे आहे. हाजरा तिथे घराबाहेर पाठवलेली दासी आहे. कुर्बानीसाठी कोणत्या मुलाला नेले, याविषयीही आपली आणि त्यांची धारणा वेगळी आहे. या दोन आयांपासून दोन कौमा झाल्या, आणि आज त्यांची लेकरे एकमेकांचे रक्त सांडताहेत. सियोना बेंजामिन यांनी त्या दोघींना एकमेकींच्या मिठीत आणले. आपल्या ग्रंथात जिला घराबाहेर पाठवले तिला, साराच्या बाजूने असलेल्या एका लेकीने, चित्रात परत घरात घेतले. आमच्या मते एवढी एक गोष्ट कळली तरी त्यांची कला कळली.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, चित्रांचे हे कौतुक आपल्या मासिकात कशाला? तसवीर काढण्याविषयी आपल्याकडे मतभेद आहेत, आणि नबींची चित्रे तर आपण काढतही नाही आणि पाहूही इच्छीत नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच इथे चित्र छापलेले नाही, त्यामागचा विचार तेवढा सांगितला आहे. यहुद्यांच्या शरीअतीतही मूर्तीला सक्त मनाई आहे आणि त्यांच्या प्रार्थनेच्या जागी मूर्ती नसते. चित्र भिंतीवर लावायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या अकीद्याचा प्रश्न. शेजारणीने आपल्या हाजराबद्दल काय म्हटले हे ऐकून घ्यायला तरी कुठली आडकाठी नसावी.

२०१०-११ मध्ये सियोना बेंजामिन एका अभ्यासवृत्तीवर भारतात परत आल्या. इथे उरलेल्या बेने इस्राएल माणसांना भेटल्या, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, फोटो काढले आणि त्या चेहऱ्यांवरून चित्रे केली. पुढे अशाच कामासाठी त्या इस्राएललाही गेल्या आणि तिकडे स्थायिक झालेल्यांना भेटल्या.

दुसरे नाव एस्तेर डेव्हिड यांचे. त्यांचा जन्म १९४५ चा, अहमदाबादचा, पण घराणे मूळचे कोकणातले. त्या आधी शिल्पकार आणि कलासमीक्षक होत्या, पुढे कादंबरीकार झाल्या. ‘द बुक ऑफ रेचल’ या त्यांच्या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या दांडा गावात रेचल नावाची एक वृद्ध विधवा एकटी राहते. मुले इस्राएलला गेलेली. गावातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला माणसे उरलेली नाहीत, तरी ती रोज झाडलोट करते. मग ती जमीन विकायचा घाट घातला जातो आणि ही म्हातारी त्यासाठी उभी राहते. या कादंबरीतले प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होते. ज्या समाजाची माणसे विखुरली त्याचा इतिहास शेवटी स्वयंपाकघरातच सापडतो, हे लेखिकेने नीट ओळखले आहे.

आणि त्या स्वयंपाकघरात आपल्यालाही बरेच सापडते. यहुद्यांच्या नियमाप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे मटणाच्या रश्शात दही नाही आणि त्यानंतरच्या गोडात दूध नाही. कोकणात नारळ मुबलक, म्हणून दोन्हीकडे नारळाचे दूध. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो तेव्हा जगभरचे यहुदी द्राक्षाची दारू घेऊन दुआ म्हणतात. बेने इस्राएलांकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेले सरबत असते. जनावर हलाल करताना अल्लाहचे नाव घ्यावे, रक्त पूर्ण वाहू द्यावे, डुक्कर खाऊ नये, या आपल्या गोष्टी त्यांच्या ‘कोशेर’च्या नियमांशी मिळत्याजुळत्या आहेत. एस्तेर डेव्हिड यांनी देशभर हिंडून भारतीय यहुद्यांच्या अशा पाककृती जमवल्या आणि २०२१ मध्ये ‘बेने आपेतित’ या नावाने त्यांचे पुस्तक केले.

त्यांची आणखी एक कादंबरी आहे, ‘शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी’. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर अहमदाबादचे यहुदी आपली वेगळी वसाहत करून राहायला जातात, अशी तिची मांडणी. का? दंगलीत माणसाचा धर्म त्याचे कपडे उतरवून तपासतात. सुंता झालेला यहुदी आणि सुंता झालेला मुसलमान यांत दंगलखोराला फरक दिसत नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. मुसलमान समजून मारले जाण्याची भीती यहुद्याने बाळगावी, अशीही एक वेळ आपल्या देशात आली. त्या भीतीपुरते तरी आपण दोघे एकाच घरातले होतो.

कला म्हणजे फक्त चित्र आणि कादंबरी नव्हे. त्यांच्यात लग्नाच्या वेळी ‘केतुबा’ नावाचा करारनामा वाचला जातो. त्यात नवऱ्याच्या जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात, आणि घटस्फोट झाला किंवा नवरा मरण पावला तर बायकोला किती रक्कम मिळेल तेही लिहिलेले असते. आपल्या निकाहनाम्याची आणि मेहरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जुन्या काळी हे केतुबे वेलबुट्टीने सजवीत. मधे ती रीत मागे पडून छापील फॉर्म आले. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या तरुण जोडप्यांनी ती परत आणली. सुलेखनकाराकडून सुंदर अक्षरात केतुबा लिहवून घेतात, काही जण मजकूर समजेल अशा भाषेतही लिहवतात आणि तो चौकटीत घालून घराच्या भिंतीवर लावतात. नव्या नवरीला आपले हक्क रोज डोळ्यांसमोर दिसतात.

आता आपल्याकडे पाहा. मेहरची रक्कम वडीलधारी मंडळी घाईघाईत ठरवतात. नवरी आतल्या खोलीत कबूल म्हणते. निकाहनामा कपाटात लॉकरमध्ये जातो आणि पासपोर्ट काढायची वेळ येईपर्यंत कुणी तो उघडत नाही. आपल्यातल्या किती बहिणींनी आपला निकाहनामा पूर्ण वाचला आहे? सुलेखन ही तर आपली खास कला. कुरआनच्या आयती सुंदर लिहिण्यात मुसलमान कातिबांनी आयुष्ये वेचली. येत्या मोसमात एखाद्या घराने मुलीचा निकाहनामा मराठीतही सुवाच्य लिहवून घेतला, मेहर आणि अटी तिला समजावून वाचून दाखवल्या, तर त्यात कुठल्या शरीअतीची आडकाठी येते?

शेजाऱ्याकडे पाहून शिकायला लाज कसली? प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासमोरून एका यहुद्याचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले. कुणी म्हटले, तो तर यहुदी होता. त्यावर, तोही एक जीवच नव्हे काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे हदीसमध्ये येते. उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यहुदी घराण्यातल्या. त्यावरून त्यांना टोचून बोलले गेले तेव्हा प्रेषितांनी त्यांना दिलासा दिला की तुझे पूर्वज हारून, चुलते मूसा आणि पती अल्लाहचा रसूल, यात कमीपणा कसला? वंशावरून कुणाला हिणवू नये, हे आपल्याला तेव्हाच शिकवले गेले.

हा धडा मुंबईच्या मुसलमानांनी एका कठीण वेळी पाळून दाखवला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमधल्या यहुदी केंद्रातही निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर हल्लेखोरांच्या प्रेतांना बड्या कब्रस्तानात जागा देणार नाही, असे आपल्या जमातीच्या लोकांनी ठामपणे सांगितले. माझगावच्या सर एली कदूरी शाळेचेही उदाहरण घ्या. १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी ती सुरू झाली. तो समाज निघून गेला आणि आज तिथल्या वर्गांत बहुतेक मुले मुसलमानांची आहेत. कोलकात्यात मोठ्या सिनेगॉगांची झाडलोट, राखण मुसलमान घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. आणि तिकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात शेकडो यहुदी गाझातले युद्ध थांबवा म्हणत ठिय्या देऊन बसले आणि त्यांनी अटक करवून घेतली. मुलांशी गाझाविषयी बोलाल तेव्हा हीही गोष्ट सांगा. सरकारे वेगळी असतात आणि माणसे वेगळी असतात. जुलमाचा निषेध करताना हा भेद विसरला तर आपला निषेधही खोटा पडतो.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कागदावर ते आणि आपण एकाच यादीत आलो. फरक एवढाच की ते काही हजार आहेत आणि आपण कोटीच्या वर आहोत. इतके थोडे असून त्यांनी आपली कीर्तने, पाककृती, आजीच्या आठवणी आणि नव्या चित्रांत उतरवलेल्या जुन्या गोष्टी एवढे जपले. आपले काय? सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथ लिहिले. शाहीर अमर शेखांच्या आवाजाने महाराष्ट्र जागा झाला. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. तरीही आज आपल्या मुलांना कुणी विचारले की तू मुसलमान, मग मराठी कसा, तर ती गडबडतात. सियोना बेंजामिनना अमेरिकेत पडला तसलाच हा प्रश्न. त्यांनी त्या प्रश्नाचे चित्र केले. आपली मुले त्याची कविता करतील, गोष्ट करतील, नाटक करतील. पण त्यासाठी हाताशी काही असायला हवे.

ते कुठे आहे? कोकणातल्या दादी-नानीच्या तोंडी असलेल्या हळदी-मेंदीच्या गाण्यांत आहे, ईदच्या सकाळच्या शिरखुर्म्यात आणि कोकणी घरांतल्या सांदणांत आहे, खालाने जपून ठेवलेल्या जुन्या ओढणीच्या नक्षीत आहे, मोहल्ल्यातल्या मदरशाच्या जुन्या वह्यांत आहे. यातले धर्माला धरून काय आणि केवळ रिवाज काय, हे जाणत्यांना विचारून वेगळे करता येईल. पण जे आधीच हरवले त्याची निवड तरी कशी करणार? तेव्हा या सुट्टीत एवढेच करा. मुलांना मोबाइल घेऊन दादीजवळ बसवा. तिचे एक गाणे आणि एक पाककृती रेकॉर्ड करून घ्या, खाली तारीख, गाव आणि तिचे पूर्ण नाव लिहा. आम्हाला पाठवलेत तर निवडक आम्ही याच पानावर छापू, इन्शाअल्लाह.

आणि पुढच्या वेळी मशीद स्टेशनला उतराल तेव्हा मुलांना सॅम्युएल स्ट्रीटपर्यंत चालत न्या. त्या ‘जुन्या मशिदी’बाहेर उभे राहून टिपूच्या आईची गोष्ट सांगा. दयेचे द्वार हे तिचे नाव आहे, तेही सांगा. अल्लाह आपल्या सर्वांना त्या द्वाराने जाण्याची तौफीक देवो. आमीन.